गल्लीच्या वर्गणीतून विम्बल्डनला : अल्थिया गिब्सन

 

मागच्या महिन्यात आमच्या एका गटात कर्जमागणीचा अर्ज आला. रक्कम तीन हजार. मुलीची कबड्डीच्या निवड चाचणीसाठी जिल्ह्याला निवड झाली होती. जायचं-यायचं भाडं, दोन दिवस राहणं आणि एक बुटांचा जोड, असा हिशेब त्या मावशींनी तोंडीच सांगितला. सचिव ताईंनी वही उघडली आणि पेन हातात धरून थांबल्या. कर्जाच्या वहीत कारणाचा रकाना असतो. बियाणं, आजारपण, शाळेची फी, शेळी, पत्रे, लग्न, असं सगळं त्या रकान्यात आतापर्यंत लिहून झालंय. खेळ हे कारण कुणी कधी लिहिलेलं नव्हतं. एक काकू म्हणाल्या, "आज कबड्डीला द्या, उद्या पोरं पतंगाला मागतील." सगळ्या हसल्या. अर्ज करणाऱ्या मावशी काही हसल्या नाहीत. अर्ज पुढच्या बैठकीवर गेला.

आम्ही सहयोगिनी त्या दिवशी तिथेच बसलो होतो आणि खरं सांगायचं तर आम्हीही चटकन काही बोललो नाही. नियमात बसतं की नाही, याचाच विचार डोक्यात होता. मग या महिन्याच्या भाषणासाठी काय सांगावं हे ठरवताना एका बाईची गोष्ट सापडली. बी.ए.ला इतिहास होता तेव्हा सनावळ्या पुष्कळ पाठ केल्या, पण ही बाई कुठल्या धड्यात भेटली नव्हती. तिचं नाव अल्थिया गिब्सन. टेनिस खेळायची. अमेरिकेतली, काळ्या वर्णाची, आणि शेतकऱ्याची पोर.

अल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ चा. अमेरिकेच्या दक्षिण भागात साउथ कॅरोलायना नावाचं राज्य आहे, तिथलं सिल्व्हर नावाचं छोटं गाव. वडील डॅनियल आणि आई अ‍ॅनी दोघंही कापसाच्या शेतात राबायचे. जमीन दुसऱ्याची, कष्ट यांचे, पीक आलं की वाटा मालकाचा. आपण ज्याला बटाई म्हणतो तोच प्रकार. कापूस म्हटल्यावर आपल्या विदर्भ-खानदेशातल्या बायकांना पुढचं सांगायला नकोच. हवामानानं दगा दिला, वर्षामागून वर्ष पीक गेलं, त्यात १९२९ पासून जगभर मंदी आली. १९३० च्या सुमारास हे कुटुंब बोचकं बांधून न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या भागात आलं. तिथे दक्षिणेतून आलेली काळी माणसं दाटीवाटीनं राहायची. अल्थिया तेव्हा तीन वर्षांची होती. पुढे भावंडं झाली, पाच जणांत ही सगळ्यात मोठी.

मोठी मुलगी म्हणजे घर सांभाळणारी, असं आपल्याला वाटेल. ही तशी नव्हती. शाळा बुडवायची, दिवसभर भटकायची, सिनेमाला जाऊन बसायची. वडील मारायचे. मार चुकवायला ती रात्री आगगाडीत बसून शहरभर फिरत राहायची. एकदा तर मुलांच्या संरक्षणासाठी असलेल्या संस्थेच्या दारात जाऊन उभी राहिली. वडिलांनी तिला ठोसे मारायला शिकवलं, म्हणजे मुष्टियुद्ध. त्यांचं म्हणणं, या वस्तीत पोरीला स्वतःला वाचवता आलं पाहिजे. हे सगळं तिनं स्वतःच पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, काही न लपवता. अशा मुलीला आपल्या गावात काय म्हटलं असतं, ते आम्ही इथे बोलून दाखवत नाही.

आता गल्लीची गोष्ट. गिब्सन कुटुंब राहायचं त्या १४३ व्या रस्त्याचा एक तुकडा दिवसा गाड्यांना बंद करून मुलांना खेळायला मोकळा ठेवला जायचा. पोलिसांच्या क्रीडा मंडळाची ती योजना होती. तिथे पॅडल टेनिस चालायचं, लाकडी फळीनं चेंडू मारायचा खेळ. अल्थियाला फळी हातात मिळाली आणि १९३९ साली, बाराव्या वर्षी, ती न्यूयॉर्क शहरातली महिलांची पॅडल टेनिस विजेती झाली. तिथे मुलांना खेळवणारा बडी वॉकर हा मूळचा वाद्यवृंदातला माणूस. त्यानं पोरीचा हात ओळखला. स्वतःच्या खिशातून जुन्या रॅकेट घेऊन दिल्या आणि भिंतीवर चेंडू मारायला लावलं.

पण खरं टेनिस म्हणजे क्लब, आणि क्लब म्हणजे सभासद फी. हार्लेममधल्या बऱ्या स्थितीतल्या काळ्या लोकांचा एक क्लब होता, कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लब. तिथली फी भरणं गिब्सनांच्या घराला शक्य नव्हतं. तेव्हा १९४० साली आजूबाजूच्या माणसांनी वर्गणी काढली. मैत्रिणींनो, आम्ही ही ओळ वाचली आणि तिथेच थांबलो. मंदीतून अजून सावरत असलेली वस्ती, कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं भाडं थकलेलं. तिथल्या माणसांनी शाळा बुडवणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या एका तेरा वर्षांच्या पोरीसाठी पैसे गोळा केले, कारण ती चेंडू चांगला मारते. त्यांच्या वहीत कारणाचा रकाना होता की नाही कुणास ठाऊक.

क्लबात शिकवायला फ्रेड जॉन्सन होते. त्यांना एकच हात होता. एका हातानं ते चेंडू उडवायचे आणि त्याच हातानं मारायचे. बाकीच्या सभासदांना या मुलीची बसण्या-बोलण्याची तऱ्हा रुचायची नाही. ऱ्होडा स्मिथ नावाच्या एका सभासद बाईंनी मात्र तिला जवळ केलं, टेनिसचे पहिले पांढरे कपडे घेऊन दिले आणि चार लोकांत वागायचं कसं तेही शिकवलं. अल्थियाला त्या वेळी ही शिकवणी आवडायची नाही. प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायचा तो कशाला, हेच तिला कळत नसे.

त्या काळी अमेरिकेत गोऱ्यांच्या टेनिस स्पर्धांमध्ये काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता. म्हणून काळ्या लोकांनी १९१६ मध्ये आपली वेगळी संघटना काढली होती, अमेरिकन टेनिस असोसिएशन. अल्थिया त्या संघटनेच्या मुलींच्या स्पर्धेत १९४४ आणि १९४५ साली राष्ट्रीय विजेती झाली. १९४६ मध्ये महिलांच्या गटात आली आणि अंतिम सामना हरली. हरली म्हणून तिच्यामागच्या लोकांपैकी काही नाराज झाले. नेमक्या त्याच सामन्यात दोन डॉक्टर तिचा खेळ बघत बसले होते.

डॉ. ह्युबर्ट ईटन हे विल्मिंग्टनचे आणि डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन लिंचबर्गचे. दोघं काळे, दोघं टेनिसवेडे. सार्वजनिक मैदानं काळ्यांना बंद, म्हणून त्यांनी घरच्या अंगणातच टेनिसचं मैदान केलेलं. त्यांनी अल्थियापुढे एक प्रस्ताव ठेवला. वर्षभर ईटनांच्या घरी राहायचं, तिथून शाळा पुरी करायची, आणि उन्हाळ्यात जॉन्सनांबरोबर स्पर्धा खेळत फिरायचं. खर्च दोघांचा. अट एकच, शाळा सोडायची नाही. पोरगी १९ वर्षांची, केव्हाच शाळा सोडलेली. आता लहान मुलांबरोबर वर्गात बसायचं. ती कां-कू करत होती. तेव्हा तिचा मित्र, नावाजलेला मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन, यानं तिला सांगितलं की जा.

ती गेली. दक्षिणेत परत गेली, जिथून आईबाप निघून आले होते. विल्मिंग्टनच्या बसमध्ये पाटी असायची, गोऱ्यांनी पुढे बसावं, काळ्यांनी मागे. पाण्याचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या. आपल्याकडच्या पाणवठ्याच्या गोष्टी ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. ईटन बाईंच्या घरात ती मुलीसारखी राहिली. १९४९ मध्ये शाळा संपली, फ्लोरिडा ए अँड एम या काळ्यांच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९५३ मध्ये ती पदवीधर झाली. मधल्या काळात, १९४७ पासून, आपल्या लोकांच्या संघटनेची महिला अजिंक्यपदं ती लागोपाठ दहा वर्षं जिंकत गेली.

तरी गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धेचं दार काही उघडत नव्हतं. कुणी उघड नाही म्हणायचं नाही. नियम असा होता की, आधी छोट्या स्पर्धांत नाव कमवा मग मोठ्या स्पर्धेत घेऊ. आणि त्या छोट्या स्पर्धा गोऱ्यांच्या क्लबात, जिथे हिला बोलावणंच नाही. सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी दुसरा दाखला आणि दुसऱ्यासाठी पहिला, असं ज्यांनी भोगलंय त्यांना ही रीत लगेच ओळखू येईल.

१९५० च्या जुलैमध्ये अ‍ॅलिस मार्बल हिनं एका टेनिस मासिकात लेख लिहिला. अ‍ॅलिस गोरी, अमेरिकेची चार वेळची विजेती, १९३९ ची विम्बल्डन विजेती. तिचं म्हणणं थोडक्यात असं : ही मुलगी आमच्या खेळाडूंना भारी पडणार असेल तर ते मैदानावर ठरू दे. नुसत्या वर्णावरून तिला बाहेर ठेवायचं असेल, तर आपण सभ्यतेच्या गप्पा मारू नयेत. लेखाची खूप चर्चा झाली. पुढच्याच महिन्यात अल्थियाला फॉरेस्ट हिल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. त्या स्पर्धेत खेळणारी ती पहिली काळी खेळाडू.

दुसऱ्या फेरीत समोर लुईस ब्रफ होती, त्याच वर्षीची विम्बल्डन विजेती. पहिला डाव अल्थिया १-६ असा हरली. दुसरा ६-३ नं जिंकला. तिसऱ्या डावात ती ७-६ नं पुढे होती, आणि वादळ आलं. इतकं की वीज पडून स्टेडियमच्या माथ्यावरचा दगडी गरुड खाली कोसळला. सामना थांबला. रात्रभर वर्तमानपत्रवाले मागे लागलेले, पोरीचा डोळा लागला असेल की नाही देव जाणे. दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटांत खेळ संपला आणि ब्रफ ९-७ नं जिंकली.

त्यानंतरची पाच वर्षं नुसती रेंगाळली. १९५१ मध्ये विम्बल्डनला गेली, पण जिंकणं काही हातात येईना. पदवी झाल्यावर मिसूरी राज्यात एका कॉलेजात खेळाची शिक्षिका झाली. पगार बेताचा. टेनिस सोडून सैन्याच्या महिला दलात जावं, असं मनात आलं होतं. तेवढ्यात सरकारच्या परराष्ट्र खात्यानं चार खेळाडूंना आशियाच्या दौऱ्यावर पाठवायचं ठरवलं, त्यात अल्थियाचं नाव होतं. १९५५ साल होतं ते. दक्षिणेत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला होता, मारेकरी निर्दोष सुटले होते, आणि अमेरिकेची जगभर छी थू चालली होती. अशा वेळी एका काळ्या मुलीला देशाचा चेहरा म्हणून पुढे करणं सरकारला सोयीचं होतं, असं आमचं मत आहे. तिला मात्र त्या दौऱ्यात रोज खेळायला मिळालं, आणि तिचा हात बसला.

त्या दौऱ्यात ती भारतात आली. दिल्लीतली स्पर्धा तिनं जिंकली. दिल्लीतच तिची अँजेला बक्स्टन या इंग्लंडच्या खेळाडूशी ओळख झाली. अँजेला गोरी, पण ज्यू. त्यामुळे लंडनच्या क्लबात तिलाही सभासदत्व नाकारलं गेलं होतं. दोघींना जोडीला कुणी घेत नसे, म्हणून दोघी एकमेकींची जोडीदार झाल्या. अँजेलाचं नाव लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

१९५६ मध्ये पॅरिसला फ्रेंच अजिंक्यपद अल्थियानं जिंकलं. जगातल्या चार सर्वांत मोठ्या टेनिस स्पर्धांपैकी एखादी जिंकणारी ती पहिली काळी व्यक्ती, बाई काय आणि पुरुष काय. उपांत्य सामना नेमका अँजेलाशीच होता. खेळता खेळता अल्थियाच्या आतल्या कपड्याचा पट्टा तुटला. हजारो माणसं बघतायत. तर समोरची प्रतिस्पर्धी जाळीपलीकडून धावत आली आणि तिनं मैत्रिणीला आडोसा केला. त्या वर्षी या जोडीनं पॅरिसचं आणि विम्बल्डनचं दुहेरी अजिंक्यपद मिळवलं.

पुढचं साल १९५७. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात अल्थियानं डार्लीन हार्डला ६-३, ६-२ असं हरवलं. थाळी तिला इंग्लंडच्या राणीच्या, दुसऱ्या एलिझाबेथच्या हातून मिळाली. तिच्या जन्मगावात गोऱ्याच्या शेजारी बसायची चोरी होती, आणि इथे राणीनं हात हातात घेतला होता. न्यूयॉर्कला परतल्यावर ११ जुलैला तिची उघड्या गाडीतून मिरवणूक निघाली, वरून कागदाचे तुकडे उधळले गेले. असा मान तिच्याआधी एकाच काळ्या खेळाडूला मिळाला होता, धावपटू जेसी ओवेन्सला. आणि त्याच उन्हाळ्यात शिकागोजवळच्या स्पर्धेला गेली, तर तिथल्या हॉटेलनं खोली दिली नाही. त्याच वर्षी फॉरेस्ट हिल्सलाही ती जिंकली. अंतिम सामन्यात समोर कोण होतं? लुईस ब्रफच. १९५८ मध्ये विम्बल्डन आणि फॉरेस्ट हिल्स दोन्ही तिनं पुन्हा घेतली. सगळी मिळून मोठ्या स्पर्धांची ११ अजिंक्यपदं, त्यात पाच एकेरीची.

आता आपल्या गटातल्या बाया नक्की विचारतील, पैसे किती मिळाले? काही नाही. तेव्हा या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या समजल्या जात. बक्षिसाची रक्कम नसे, फक्त येण्या-जाण्याचा खर्च. जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू, आणि घरभाड्याची चिंता. म्हणून १९५८ नंतर तिनं हौशी टेनिस सोडलं. गाण्याची तबकडी काढली. १९५९ मध्ये एका सिनेमात गुलाम बाईचं काम केलं. त्यात काळ्या माणसांच्या तोंडी घालतात तसली मोडकी भाषा बोलायला तिनं नकार दिला, मग संवाद बदलावे लागले. बास्केटबॉलच्या प्रसिद्ध चमूबरोबर गावोगाव फिरून, त्यांच्या सामन्याआधी टेनिसचे खेळ करून दाखवले. १९६४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ती महिलांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये उतरली. तिथेही पहिली काळी बाई. काही क्लबांनी तिला कपडे बदलायच्या खोलीत येऊ दिलं नाही, तेव्हा ती गाडीत बसून बूट बदलायची. टेनिसच्या मोठ्या स्पर्धांत पैसे सुरू झाले १९६८ मध्ये. तोवर ती चाळिशी ओलांडून गेली होती.

पुढे न्यू जर्सी राज्यात तिनं क्रीडा खात्यात काम केलं, मुलांना शिकवलं. दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. मूल नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मेंदूत रक्तस्राव झाला, १९९२ मध्ये पक्षाघात. साठवलेलं औषधपाण्यात गेलं. घरभाडं आणि औषधं यांतलं एक निवडायची वेळ आली. दार लावून एकटी बसायची, कुणाला भेटायची नाही.

१९९५ च्या सुमारास तिनं अँजेलाला फोन केला. निरोप घ्यायलाच केला होता म्हणा, कारण आता जगायचं नाही असं तिच्या मनानं घेतलं होतं. अँजेलानं फोनवर तिला धरून ठेवलं. आधी स्वतःच्या पैशातून भाडं आणि औषधं भागवली. मग एका टेनिस मासिकात तिच्या परिस्थितीबद्दल पत्र छापून आणलं. त्यानंतर अल्थियाच्या दारात पाकिटं यायला लागली, कितीतरी देशांतून. कुणी थोडे पाठवले, कुणी जास्त. सगळे मिळून जवळजवळ दहा लाख डॉलर झाले. तेराव्या वर्षी एकदा आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर एकदा, या बाईला वर्गणीनं दोनदा उभं केलं.

(इथे थोडं थांबून सांगतो. असा विचार आपल्या गटातल्या कुणाच्या मनात घोळतोय असं वाटलं, तर तिला एकटीला सोडू नका, तिच्याशी बोला, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावून द्या. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

त्यानंतर ती आणखी काही वर्षं जगली. २००० साली व्हीनस विल्यम्स विम्बल्डन जिंकली, अल्थियानंतर ४२ वर्षांनी जिंकलेली दुसरी काळी बाई. ते अल्थियाच्या हयातीत घडलं. २८ सप्टेंबर २००३ रोजी, ७६ व्या वर्षी, ती गेली. न्यूयॉर्कच्या टेनिस केंद्रात २०१९ मध्ये तिचा पुतळा बसवला. अँजेला २०२० मध्ये गेली. २०२५ मध्ये अमेरिकेनं पंचवीस सेंटच्या नाण्यावर अल्थियाचं चित्र घातलं. आणि हार्लेममधला तो १४३ वा रस्ता, जो मुलांसाठी गाड्यांना बंद करायचे, त्याच्या कोपऱ्याला २०२२ मध्ये तिच्या ९५ व्या वाढदिवशी तिचं नाव दिलं.

आमच्या गटातला तो अर्ज येत्या पाच तारखेच्या बैठकीत पुन्हा येतोय. ही गोष्ट तिथे आधी ऐकवू, असं सचिव ताईंना सांगून ठेवलंय. पतंगवाल्या काकूही येणार आहेत. काय ठरलं ते पुढच्या भागात सांगू. नमस्कार.